बँकॉकची कोलंबी

माणसं खाऊच्या गाडीवर खायला जातात. आमचा वसंता तिथे कामाला बसतो. तेही परदेशात!

वसंता म्हणजे मुरुडचा माझा शेजारी, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. आम्ही सातआठ जण टूरबरोबर बँकॉकला गेलो. हॉटेलातला तोच तो पुलाव नको, रस्त्यावरचं चाखायचं, असं मी ठरवलं होतं. वसंताला बरोबर घेतलं, तिथेच माझी मती फिरली.

पहिल्याच गाडीवर एक बाई नूडल्स परतत होती. मी ताटली हातात घेतोय तोवर हा तिच्या टोपलीतली कोलंबी सोलायला लागला!

"अरे, काय चाललंय?"

"बाई एकटी हाय रे."

"तिने बोलावलं का तुला?"

"बोलवायला तिला वेळ कुठे हाय?"

बरं, सोलता येत असतं तर गोष्ट वेगळी. अर्धी कोलंबी कुस्करली. बाई तिच्या भाषेत ताडताड बोलली, मग कपाळावर हात मारून सोलायचं कसं ते दाखवू लागली. तोवर आमची बस निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी, पुन्हा कोलंबी. तिसऱ्या दिवशीही तेच. मी सुखाने एक घास खाल्ला असेल तर शपथ!

चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. "लेका, तुझी बायको, आमच्या सुमनवहिनी, तीस वर्षं मुरुडच्या किनाऱ्यावर कोलंबीभजीची गाडी लावतायत. तिथे कधी दिसला नाहीस तू!"

त्याचे हात थांबले.

"न्हाय दिसलो," तो म्हणाला. "खाकी घालून बायकोच्या गाडीवर बसायची लाज वाटायची. आता बसतो म्हटलं, तर ती म्हणते, तुम्हाला जमायचं न्हाय, मला एकटीची सवय झालीय. इथं ओळखीचं कोण न्हाय. म्हटलं, हात बसवून जावं."

मी त्याच्या शेजारी बसलो आणि टोपली माझ्याकडे ओढली.

परत आल्यावर आठवड्याभराने संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. वसंता गाडीमागे स्टुलावर बसून कोलंबी सोलत होता. वहिनी त्याच्यावर डाफरत होत्या, "अहो, पाठीतला काळा धागा राहिला, धागा! डोळे कुठे हायेत?" तो खाली मान घालून हसत होता.

गर्दी बघून मी म्हटलं, "वहिनी, नंतर येतो."

"बसा हो भावोजी," त्या म्हणाल्या, "आता दोघं हायेत गाडीवर. लगेच देते."