बुधवारच्या जेवणाचं कलम

यंदा पहिल्यांदाच करारांची वार्षिक तपासणी करताना एजन्सीतली कारकून दिविना काबाहुग सतराव्या कलमापाशी थांबली, चष्मा पुसला आणि ते पुन्हा वाचलं. 'दर बुधवारी एजन्सीचा प्रतिनिधी मालकाच्या घरी दुपारचं जेवण घेईल व ताटात काही टाकणार नाही.' तिनं दुसरा करार उघडला. त्यातही तेच. फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या त्या छोट्या एजन्सीकडे एकतीस मालकांची भाड्यानं दिलेली घरं सांभाळायला होती, आणि एकतिसांच्याही करारात हे जेवण होतं.

उगम सापडायला वेळ लागला नाही. तीन वर्षांपूर्वी बोटीवर कप्तान असलेल्या एका मालकानं, आपली म्हातारी आई एकटी जेवत नाही म्हणून, हे कलम हट्टानं घालून घेतलं होतं. पुढे आई मुलीकडे दावावला गेली. कलम मात्र राहिलं, कारण व्यवस्थापक रोहेल्यो ओम्पाद यांनी नव्या करारांसाठी नेमकी तीच फाइल नमुना म्हणून वापरली होती.

दुरुस्तीपत्रं पाठवायची का, असं दिविनानं त्यांना विचारलं.

"तीन वर्षांत कुणी विचारलं का, जेवायला का आला नाहीत म्हणून?" ओम्पाद म्हणाले. "मग कशाला सुखाचा जीव दुःखात घालतेस?"

पण दिविना कामाला चोख. पत्रं सकाळीच गेली होती. विचारणं ही नुसती रीत होती.

ज्यांनी करार उभ्या जन्मात उघडला नव्हता, त्यांनी आपलं काहीतरी काढून घेतलं जातंय म्हटल्यावर तो शोधून वाचला. एका निवृत्त मास्तरांनी तीन वर्षांच्या गैरहजेरीचा खुलासा मागितला. एकानं दुबईहून फोन करून कळवलं, की तो स्वतः तिथं नसला तरी घरात सासूबाई आहेत, आणि त्यांना बोलायला कुणीतरी हवंच आहे. अशा अकरा जणांनी हक्काचा पाहुणा मागितला.

ऑफिसात माणसं चार. पुढच्या बुधवारी चौघं पिशवीत दुरुस्तीपत्रं घालून निघाली. जेवायचं आणि सही घेऊन यायचं, असं ठरलं. दिविनाच्या वाट्याला तीन घरं आली. तिन्हीकडे डुकराच्या मटणाचा, व्हिनेगर घातलेला अडोबो होता आणि ताटात टाकायची सोय नव्हती. परतताना जीपनीत, त्या लांबड्या शेअर गाडीत, तिला धड बसवेना की उभं राहवेना. तीन बुधवारांत दहा मालकांनी सह्या दिल्या. हक्क गाजवणं वेगळं आणि दर आठवड्याला त्या हक्कासाठी चूल पेटवणं वेगळं.

अकराव्या होत्या सोलेदाद विल्याकोर्ता. साठीच्या विधवा बाई, एकेकाळी स्वतःची बेकरी चालवलेल्या, आता सहा फ्लॅटच्या मालकीण. त्यांनी सही करायला साफ नकार दिला. बुधवारी कुणी आलं नाही तर सहाही फ्लॅट दुसऱ्या एजन्सीला देईन, म्हणाल्या. सहा फ्लॅट गेले तर ऑफिसातली एक खुर्ची जाणार होती, आणि पत्रं कुणी पाठवली हे सगळ्यांना ठाऊक होतं. दिविनाला दोन दिवस झोप लागली नाही.

शेवटी ओम्पाद स्वतः गेले. पहिल्या बुधवारी ते चिडूनच परतले. माशाचे काटे कसे काढावेत हे बाईंनी त्यांना या वयात शिकवलं होतं. दुसऱ्या बुधवारी तीन वाजले तरी त्यांचा पत्ता नव्हता. तिसऱ्या खेपेला ते केस कापून गेले. चार महिन्यांनी ऑफिसात बुधवारी कुणी मीटिंगचं नाव काढीनासं झालं.

पुन्हा तपासणीचे दिवस आले, तेव्हा विल्याकोर्ताबाईंनी दिविनाला घरी बोलावून घेतलं.

"ते सतरावं कलम काढून टाक," त्या म्हणाल्या.

सरांचं काही चुकलं का, असं दिविनानं चाचरत विचारलं.

"चुकायला बोलतोय कुठे? जेवतो. माझं पातेलं पुसून खातो आणि वर आरामखुर्चीत घोरतो. आता तू असं लिही. दर रविवारी मालकीण प्रतिनिधीच्या घरी जेवेल. स्वयंपाक प्रतिनिधीनं स्वतः करायचा. विकतचं आणलेलं चालणार नाही."

दिविनानं अक्षरशः तसंच टाइप करून कागद ओम्पादांपुढे ठेवला. त्यांनी तो उभ्यानंच दोनदा वाचला. सही केली आणि केबिनचं दार लावून घेतलं.

जरा वेळानं दिविनाच्या टेबलावरचा फोन वाजला. केबिन चार पावलांवर होती, तरी सर फोनवर बोलत होते, आणि तेही हळू आवाजात.

"दिविना, अडोबोत व्हिनेगर आधी घालतात की मागाहून?"