डावीकडे बसलेली गाडी

आयुष्यात मी एकदाच छाती ठोकून बोललो. चौतीस वर्षं बालाघाटच्या कॉलेजच्या वाचनालयात नोकरी केली, त्यामुळे मला कुजबुजण्याचीच सवय. पण पुतणीच्या लग्नाला तीन दिवस उरले असताना, भर अंगणात, पाहुण्यांसमोर मी म्हणालो, "श्रुतिका सासरी जाईल ती वसंताच्या गाडीतूनच! आणि गाडीचं पोट कुठेही घासणार नाही! ही माझी जबाबदारी!"

बोलून झाल्यावर मी मागे वळून पाहिलं. हे कोण बोललं म्हणून!

वसंता माझा धाकटा भाऊ. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत इंजिनिअर होता. तरुणपणी हौसेने त्याने एक लाल स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारं, मागे नावापुरती सीट, आणि इतकी बुटकी, की आत शिरताना माणूस नमस्कारच करतो. वसंता जाऊन चार वर्षं झाली. "मोठेबाबा, मी बाबाच्या गाडीतूनच जाईन," एवढं एकच श्रुतिकाने मागितलं होतं. पण मी छाती ठोकली त्याच्या आदल्या दिवशी लग्नाच्या लॉनच्या फाटकातल्या ब्रेकरवरून आम्ही गाडी नेऊन पाहिली, तर खालून असा आवाज आला, की पोरीने डोळेच मिटले. गाडी मागून डावीकडे बसली होती.

वसंताने गाडीचं पुस्तक जपून ठेवलं होतं. मी ते रात्रभर वाचलं, समासात पेन्सिलने खुणा केल्या. गाडीची उंची तपासायची तर जागा सपाट हवी, टाकी भरलेली हवी, चाकांत हवा बरोबर हवी, चालवणाऱ्याच्या जागी सत्तर किलो वजन हवं. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. मागे छत्तीस सेंटीमीटर भरलं पाहिजे. कमी-जास्त असेल तर स्प्रिंगखाली आट्यांची एक चकती असते, ती फिरवायची. इतकं सोपं! आयुष्यात पहिल्यांदाच वाचन कामी येणार होतं.

सकाळी मेकॅनिक दुलीचंदला बोलावलं. आमचं अंगण उतरतं. सपाट जागा शोधत शेवटी आम्ही प्रेमलालच्या राईस मिलवर पोहोचलो. तिथे धान वाळवायचं सिमेंटचं अंगण आहे, तळहातासारखं सपाट. प्रेमलाल माझा शाळासोबती. मिलसारखाच आवाज करतो.

त्याने मला थेट धानाच्या काट्यावर उभं केलं.

"चौपन्न किलो!" तो ओरडला. "अरे मास्तर, एवढा तर माह्या मिलचा कोंडा निघते!"

सोळा किलो कमी पडत होते. ते मी सोबत आणलेल्या शब्दकोशांनी भरून काढले. पाच खंड मांडीवर घेऊन मी गाडीत बसलो. हमाल काम सोडून बघायला आले.

"सर, डिकी खाली हाय ना?" दुलीचंदने विचारलं.

पुस्तकात ते स्पष्ट लिहिलं होतं: डिकी उघडून, रिकामी असल्याची खात्री करावी. डिकीची चावी घरी, माझ्या बायकोच्या जुडग्यात. मी तिला फोन लावला.

"अंजना, डिकीत काही आहे का गं?"

"तुमी कुठी हा?"

"प्रेमलालच्या मिलवर."

"काही नाही डिकीत! काहून? काहीच नाही!"

झाली खात्री.

दुलीचंदने टेप लावला. "उजवीकडे साडेपस्तीस! डावीकडे तेहतीस!"

"उजवीकडे तर मी बसलोय," मी शब्दकोशांच्या आडून म्हणालो. "मग डावी बाजू कशी बसेल?"

"मास्तर," प्रेमलाल म्हणाला, "तुयं वजन गाडीनं हिशेबातच नाही घेतलं!"

हमाल हसले. मीही हसलो. तिथेच उतरून विचार करायला हवा होता. पण पुस्तक आणि मी यांच्यात मतभेद झाला तर चूक माझीच असणार, अशी माझी लहानपणापासूनची समजूत.

मग गाडी जॅकवर चढली. दुलीचंदने चकती दोन फेरे फिरवली. गाडी खाली उतरली. पुस्तकाप्रमाणे ती दाबून, हलवून, पुढे-मागे ढकलून पुन्हा मोजायची होती, म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी बसते. मोजलं. चौतीस! पुन्हा जॅक, पुन्हा चकती, पुन्हा ढकला. दर वेळी मी पाच खंडांसकट उतरायचो आणि पाच खंडांसकट चढायचो. सातव्या खेपेला माझे गुडघे माझे राहिले नव्हते.

"छत्तीस!" दुलीचंद ओरडला. "सर, टनाटन! जुनी स्प्रिंग हाय, थकून गेलती बिचारी."

मला त्या स्प्रिंगबद्दल फार आपुलकी वाटली.

संध्याकाळी लॉनच्या ब्रेकरवरून गाडी हवेसारखी गेली. श्रुतिकाने टाळ्या वाजवल्या. अंजनाने मला न मागता चहा दिला. मी कॉलर ताठ करून प्यायलो.

लग्नाच्या दिवशी दुपारी, पाठवणीला अर्धा तास उरलेला असताना, मी गाडीपाशी गेलो आणि जागीच थिजलो. गाडीची मागची डावी बाजू वर, पुढची उजवी बाजू खाली! एक पाय उचलून उभ्या राहिलेल्या म्हशीसारखी दिसत होती. आणि डिकीमागे अंजना, पदर खोचून, दोन हमालांकडून उतरवलेली दोन पोती बाजूला ठेवून घेत होती.

"हे काय?"

"चिन्नोर तांदूळ हाय. लामत्याच्या वावरातला. गाडी बैहरले जाऊन राह्यली, मंग कट्टे काय सासरी पाठवू?"

"पण तू म्हणाली होतीस की डिकीत काही नाही!"

"त्या प्रेमलालभाऊसमोर सांगू? मागच्या साली 'चव पाहतो' म्हणून दहा किलो घेऊन गेले! अन् तुमच्या तोंडून नाही निघते का कोनाले? मांगितलं की 'घ्या ना, घ्या ना'! जावाई पयल्यांदा जेवाले येतील, तवासाठी लपवून ठेवला होता."

ऐंशी किलो तांदूळ! सगळा डावीकडे, कारण उजवीकडे स्टेपनी. म्हणजे गाडीला काही झालंच नव्हतं. सात वेळा जॅक लावून आम्ही तांदूळ सरळ केला होता!

दुलीचंदला पंगतीतून उठवलं. नवा सफारी, हातात जिलेबी. त्याने वाकून पाहिलं आणि जिलेबी संपवली.

"सर, पाने-बिने सब गॅरेजमध्ये. आता एकच इलाज हाय. कट्टे वापस टाका."

अंजनाने माझ्याकडे पाहिलं. बँडवाले जवळ येत होते. श्रुतिका रडत, हसत, गाडीकडे बघत येत होती.

"टाका," अंजना म्हणाली. "पन वापस आनजा. दोनही. माही शपथ हाय."

"आणतो," मी म्हणालो. छाती ठोकली नाही, पण म्हणालो.

जावई रजत गाडी चालवायला, शेजारी श्रुतिका, आणि मागच्या सीटवर, गाडीचा जाणकार म्हणून, घडी केलेला मी. फाटकातला ब्रेकर आला. श्रुतिकाने डोळे मिटले. गाडी वर गेली, खाली आली. आवाज नाही!

"मोठेबाबा, नाही घासली!"

तिने मागे हात केला. मी तो धरला. पुढचे दहा किलोमीटर मला गुडघे आहेत हेच आठवलं नाही.

बैहरला ओवाळणं झालं. कोणीतरी बॅगांसाठी डिकी उघडली आणि विहीणबाई ओरडल्याच, "अगं माय! माहेरचे तांदूळ!" त्यांचे डोळे भरून आले. "आमच्यात सून येते तवा तिच्या माहेरचे दाने संगं येतात. आमी मांगितलं नाही, म्हटलं बिना बापाची पोर हाय. अन् तुमी याद ठेवलं!"

अंगणभर माणसं माझ्याकडे बघत होती. श्रुतिका तर अशी बघत होती, की जणू वसंताच उभा आहे. मी तोंड उघडलं. आत अंजनाची शपथ होती.

"घ्या ना," मी म्हणालो. "घ्या ना."

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवली. रिकामी डिकी, वर गेलेली डावी बाजू, खाली गेलेलं नाक. बैहर ते बालाघाट, जितके ब्रेकर तितक्या वेळा गाडी खालून बोलली. घरी अंजना काहीच बोलली नाही. त्यापेक्षा ब्रेकर बरे.

काल पुन्हा मिलवर गेलो. शब्दकोश मांडीवर.

"सर, डिकी पक्की खाली?" दुलीचंदने विचारलं.

"पक्की. या वेळी मी स्वतः उघडून पाहिली."

"तरी एकदा बाईले फोन लावून पुसा ना."

"दुलीचंद," मी म्हणालो, "तू चकती फिरव. चिन्नोर गेला, आता जावई जेवून जाईपर्यंत तिला काहीच विचारता येत नाही."