संत्र्यासाठी चाकू

"जिन्यातला दिवा गेलाय. तो आधी लावून घ्या, नाहीतर एक दिवस कुणीतरी पडेल," असं लल्ला तामूंनी आल्या आल्याच सांगितलं होतं. नातू झाला म्हणून त्या वझान गावाहून साले शहरात आल्या होत्या. तीन मजले चढून धापा टाकत होत्या आणि डोक्याचा रुमालही अजून सोडला नव्हता. गिझलानने बाळाचं दुपटं सारखं करत "हो, लल्ला," म्हटलं. सासूच्या सूचनांसाठी तिने मनात एक कोनाडा करून ठेवला होता. तिथे ठेवलेलं सहसा परत बाहेर येत नसे. शिवाय दिवा कोणी लावायचा हा इमारतीतला जुनाच वाद होता. तळमजल्यावरचे म्हणत, आम्ही जिना चढतच नाही. पहिल्या मजल्यावरचे म्हणत, आमच्या दारापर्यंत रस्त्याचा उजेड येतो. आणि बाकीच्यांच्या फोनला उजेड होताच.

बाळंतपणाची रजा संपेपर्यंत हिवाळा आला. गिझलान रोज ट्रामने रबातच्या विमा कचेरीत जाऊ लागली आणि परत येईपर्यंत अंधार पडू लागला. फोनचा उजेड पुढे धरून ती जिना चढायची. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की आपल्या मागून आणखी कुणाची तरी पावलं चढतात. ती थांबली की थांबतात. तिने घाई केली की तीही घाई करतात. मागे वळून बघायचा धीर तिला झाला नाही. कुलूप उघडून ती आत शिरायची, दाराला पाठ लावून उभी राहायची आणि मग बाळाला घ्यायची. बाळाला आईचं काळीज धडधडताना ऐकायला फार आवडत असे. ते लगेच झोपायचं.

अन्वर, तिचा नवरा, केनित्राच्या कारखान्यातून उशिराने घरी यायचा. तिने त्याला सांगून पाहिलं.

"माझ्या मागून जिन्यात कुणीतरी येतं."

"जिना आहे, गिझलान. लोक जिन्यानेच येणार."

"पण मी थांबले की तोही थांबतो."

"मग सभ्य माणूस दिसतोय," म्हणून अन्वरने हरिराच्या सूपमध्ये चमचा घातला.

कचेरीत शेजारच्या टेबलावर सिहाम बसायची. तिने आजवर कुणाला चापटही मारलेली नव्हती, पण संकटात काय करावं याची माहिती तिच्याकडे तयार असे.

"चाकू घे. लहान, मिटणारा. पर्समध्ये राहील असा."

"आणि पोलिसांनी पर्स बघितली तर?"

"बरोबर एक संत्रं ठेवायचं. नुसता चाकू सापडला तर ठाण्यात नेतात. संत्र्याशेजारी सापडला तर तो फळं खायचा चाकू."

भीतीला हातात धरायला काहीतरी लागतंच. दुसऱ्या दिवशी सकाळीच गिझलान जुन्या बाजारात गेली. दुकानदाराने लोकरीची टोपी मागे सारून विचारलं, "काय कापायचंय?"

"संत्रं."

"संत्रं आपण बोटांनी सोलतो, ताई."

"आमच्याकडे जाड सालीची येतात."

त्याने एकेक चाकू काढून दाखवायला सुरुवात केली. हा ईदच्या मेंढ्यासाठी. हा हाडावरचं मांस काढायला. ह्याची मूठ शिंगाची, हा सासऱ्यांना भेट द्यायला चांगला. गिझलानला हवा होता असा चाकू, जो नुसता दिसला की समोरचा पळून जावा आणि वापरायची पाळीच येऊ नये. पण हे मागायचं कसं? तिने लाल लाकडी मुठीचा एक छोटा चाकू उघडला, मुठीत आवळला आणि हात पुढे नेऊन पाहिला. मग पातं खाली करून पाहिलं.

"असं धरून कुणी संत्रं सोलत नाही," दुकानदार म्हणाला. "संत्र्याने तुमचं काही केलंय का?"

"हाच द्या."

त्याने चाकू पुसला आणि फळीवर ठेवला. तिने घाईत हात पुढे केला होता.

"हातात नाही देणार. तिथून उचला. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाशी मला भांडण नकोय."

गिझलानला एकदम ओशाळल्यासारखं झालं. हातातून हातात चाकू दिला की दोघांचं भांडण होतं, हे तिला काय माहीत नव्हतं? लहानपणी आईने ह्यावरून तिच्या बोटांवर चमचा मारला होता. पुढे ती कॉलेजात जाऊन अर्थशास्त्र शिकली, पण चमचा बोटांना अजून आठवत होता.

त्या संध्याकाळी ती चाकू घेऊन जिना चढली. पावलं मागे होतीच, पण छातीतली धडधड थोडी कमी होती. घरी तिने पर्स दिवाणावर टाकली आणि हात धुवायला गेली. परत आली तर लल्ला तामू चाकू मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाळाचा लंगोट शोधता शोधता तो त्यांना सापडला होता. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पोरी, मला वाटायचं शिकलेली सून त्या मंडळींना मानत नाही."

त्या न दिसणाऱ्या मंडळींचं नाव लल्ला तामू कधी घेत नसत. नाव घेतलं की ती येतात. नव्या बाळापासून त्यांना लांब ठेवायचं तर उशाखाली लोखंडाचं पातं हवं. पहिले चाळीस दिवस लल्ला तामूंनी स्वयंपाकघरातली सुरी बाळाच्या उशाखाली ठेवली होती आणि गिझलानने ती रोज गुपचूप परत नेली होती. आता सूनच स्वतःच्या कमाईतून चाकू घेऊन आली म्हटल्यावर म्हातारीला काय वाटलं असेल?

खरं सांगावं, असं गिझलानच्या ओठांवर आलं होतं. पण खरं सांगितलं असतं तर रात्रीच्या आत साऱ्या वझानला फोन गेला असता आणि पुढची सूचना आली असती, की नोकरी सोड. चाकू बाळाच्या उशाखाली गेला.

दुसऱ्या संध्याकाळी पावलं ऐकून तिने पर्समध्ये हात घातला, तर आत नुसतं संत्रं. तेच मुठीत धरून ती वर पोचली. दार लावलं तेव्हा रस कोपरापर्यंत ओघळला होता.

मग ती रोज निघताना चाकू उशाखालून काढू लागली आणि लल्ला तामू रोज संध्याकाळी तो पर्समधून काढून परत ठेवू लागल्या. मात्र पर्समध्ये तो कसा जातो, हे काही त्यांना कळेना. पातं रात्री ठेवावं आणि सकाळी जागेवर नसावं, ह्याचा त्यांनी एकच अर्थ लावला. मंडळी फार जवळ आली आहेत. त्यांनी चाकूच्या जोडीला कात्री ठेवली. मग एक जाडजूड खिळा. एका शुक्रवारी चादर बदलायला म्हणून गिझलानने गादी उचलली, तर खाली ईदचा लांब सुरा कागदात गुंडाळून ठेवलेला.

एका अनोळखी माणसाच्या भीतीने घेतलेला एवढासा चाकू, त्याने तिच्या पोराच्या गादीखाली आपलं सगळं कुटुंब आणून ठेवलं होतं.

"लल्ला," ती म्हणाली, "चाकू मीच नेते. बाळासाठी नाही. मलाच भीती वाटते."

लल्ला तामूंनी हातातलं काम खाली ठेवलं. "तुला जाणवतात?"

"मागून येतात. जिन्यात. रोज."

"आणि हे तू एकटीच मनात घेऊन बसलीस?"

कोण येतं ह्याबद्दल दोघींच्या मनात वेगवेगळं होतं. पण लल्ला तामूंनी सुनेचे हात असे काही धरले, की तो फरक समजावून सांगायची गिझलानला गरज वाटली नाही. म्हातारीने लगेच सुरा, कात्री आणि खिळा आपापल्या जागी ठेवले, चाकू एका फडक्यात घातला, त्यात मूठभर मीठ आणि दृष्ट काढायच्या हरमलच्या बिया टाकल्या आणि जाड दोऱ्याने पुरचुंडी चारी बाजूंनी शिवून टाकली.

"घे, ठेव पर्समध्ये. आता तुला कुणी हात लावणार नाही. फक्त शिवण उसवू नकोस."

नेमका उसवायच्याच वेळी ही शिवण नडणार, हे गिझलानला दिसत होतं. पण ती "हो, लल्ला," म्हणाली.

पुढच्या आठवड्यात भाचीच्या लग्नासाठी लल्ला तामू वझानला निघाल्या. टॅक्सीच्या दारात उभ्या राहून त्यांनी सूचना दिल्या. बाळाला टोपी घाल. तूप खाली संपलंय, वर आहे. वरच्या मजल्यावरच्या सी बूसल्हामना एक लहान चाकू दे, बिचाऱ्यांचा हात मोठ्या सुरीने थरथरतो, मी त्यांना सांगितलंय सुनेबरोबर पाठवते म्हणून. दिव्याचं बघा. गिझलानने सगळ्यालाच "हो, लल्ला," म्हटलं आणि सगळं कोनाड्यात गेलं.

त्या दिवशी बाळ ट्रामच्या थांब्याजवळच्या एका बाईंकडे ठेवलं होतं. संध्याकाळी तिने त्याला पाठीशी बांधलं, पर्स खांद्याला लावली, फोनचा उजेड पुढे धरला आणि जिन्यात पाऊल टाकलं. पहिल्या वळणावर मागून पावलं सुरू झाली. ती पळाली. पावलंही पळाली, आणि आता त्यांच्याबरोबर जोराचा श्वासही ऐकू येत होता. पाठीवरच्या बाळाने मान वळवून मागे पाहिलं आणि ते खुदकन हसलं.

तेवढ्याने गिझलानचं उरलंसुरलं धैर्य गेलं, आणि मग भलतंच कुठलं तरी आलं. एकटी असती तर ती दारापर्यंत पळाली असती. पण आता पळणारीच्या पाठीवर, सगळ्यात मागे, बाळ होतं. ती दुसऱ्या मजल्याच्या वर थांबली. फोन कमरेला खोचला, सगळीकडे अंधार झाला. पुरचुंडी काढून तिने शिवण दातांनी ओढली. लल्ला तामूंची शिवण ती, सहज थोडीच तुटणार. ती तुटली तेव्हा तोंडात मीठ आणि पायऱ्यांवर बियांचा सडा. चाकू उघडून ती वळली.

"पुढे येऊ नका. माझ्याकडे चाकू आहे."

खाली श्वास घुमत राहिला. मग अंधारातून थकलेला आवाज आला.

"अल्लाह तुझं भलं करो. आणलास तर एकदाचा. खाली ठेव, मुली, हातात देऊ नकोस. उगाच भांडण व्हायचं आपलं."

आणि गिझलानने वाकून चाकू पायरीवर ठेवला. हे हातांनीच केलं, डोकं नंतर पोचलं. जीव वाचवण्यासाठी घेतलेलं एकुलतं एक हत्यार तिने मूठ समोरच्याकडे आणि पातं स्वतःकडे करून, अगदी अदबीने, त्याच्या पायाशी ठेवलं होतं.

तिने फोन काढला. उजेडात तपकिरी जाड झुब्बा दिसला, काखेत दोन गोल पाव, आणि पांढरी दाढी. वरचे सी बूसल्हाम. बायको गेल्यापासून ते घराबाहेरच पडत नाहीत, असं ती धरून चालली होती. ते चाकू उचलायला वाकले, त्यांचा पाय मिठावरून सरकला आणि लल्ला तामूंनी सांगितल्याप्रमाणे जिन्यात कुणीतरी पडलं.

पाव गडगडत खाली गेले. सी बूसल्हाम पायरीवर बसले होते, घोटा धरून. "काही नाही, काही नाही," म्हणत होते, पण उठता येत नव्हतं. गिझलान त्यांच्या शेजारी बसली. पर्समध्ये संत्रं होतं, ते तिने पायरीवर ठेवलं. म्हाताऱ्यांनी ते उचललं, चाकू उचलला आणि सोलायला घेतलं.

"छान धार आहे. संत्र्यासाठीच घेतलेला दिसतोय."

"हो," गिझलान म्हणाली. मग तिने विचारलं, "सी बूसल्हाम, तुम्ही रोज माझ्या मागून का येता?"

"उजेड असतो ना तुझ्या हातात. मला अंधारात पायऱ्या दिसत नाहीत. मी खाली पाववाल्यापाशी उभा राहतो, तू आलीस की निघतो. तू थांबलीस की मलाही दम खायला मिळतो. हल्ली मात्र तू पळतेस. मी म्हटलं, लेकरू वाट बघत असेल."

"मग हाक का नाही मारलीत?"

"अंधारात एकट्या बाईला मागून हाक मारायची? घाबरली असतीस की." त्यांनी एक फोड तिच्यापुढे पायरीवर ठेवली. "मला आपलं वाटायचं, मागे आपलं माणूस आहे म्हणून तुला धीर येत असेल."

गिझलानने फोड तोंडात टाकली. ती खारट लागली.

दुसऱ्या दिवशी अन्वरने खुर्चीवर चढून दिवा लावला आणि "एवढंच तर काम होतं," असं साऱ्या इमारतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. घोट्याची सूज उतरली. सी बूसल्हाम आता पाव आणायला हवं तेव्हा उतरतात, हवं तेव्हा चढतात. उजेडासाठी त्यांना कुणाची वाट बघावी लागत नाही.

म्हणजे गिझलानच्या मागची पावलं बंद झाली. आता ती लखलखीत जिन्यातून एकटी वर येते, किल्ली कुलपात घालते आणि तशीच उभी ऐकत राहते. ते वर गेलेत की नाहीत? की अजून खालीच आहेत? की दुपारपासून उठलेलेच नाहीत? पहिल्या संध्याकाळी तिला राहवलं नाही. ती एक मजला वर गेली आणि दार वाजवलं.

"कोण?"

"मी, गिझलान."

"चाकू आणलायस का?"

"नाही, सी बूसल्हाम."

"मग थांब, उघडतो."

तेव्हापासून ती रोज जाते. पण ह्या आठवड्यात ती बाळाला घेऊन वझानला गेली आहे, आणि वर डोकावायला अन्वर "हो" म्हणाला असला तरी त्याच्याही मनात आईच्या आणि बायकोच्या सूचनांचा एक कोनाडा आहेच. तेव्हा सालेकडे येणं झालं तर चौथ्या मजल्यावर एकदा जाऊन या. ते जमणार नसेल, तर तुमच्याच जिन्यात कुणाची पावलं हल्ली ऐकू येत नाहीत ते आठवा, आणि वर जाऊन दार वाजवा. वाजवून लगेच परत फिरू नका. त्यांना दारापर्यंत यायला जरा वेळ लागतो.