ढकलायची गाडी

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या हाताला गुण आहे. पंखा असो, मिक्सर असो, पाण्याचा पंप असो, मी उघडला की दुरुस्त झालाच म्हणून समजा. नाही झाला, तर तो मुळात दुरुस्त होण्यासारखाच नव्हता, हे माझ्या लगेच लक्षात येतं. अशा माणसाच्या घरी बापाची मोटरसायकल रोज सकाळी रुसून बसायची, हे मला किती लागत असेल याची तुम्हीच कल्पना करा!

बाबा चष्म्याच्या दुकानात जायला निघाले की तिला किक मारायचे. ती खोकायची, शिंकायची आणि गप्प व्हायची. किकांचा सपाटा जरा लांबला की शेजारचं दार उघडायचं आणि काका बाहेर यायचे. घर एकच, मधे भिंत. अलीकडे आम्ही तिघं, पलीकडे काका एकटे. बाबा आणि काका सख्खे भाऊ, आणि माझ्या लहानपणापासून त्यांच्यात अबोला. कारण विचाराल तर अंगणाचं फाटक आत उघडावं की बाहेर. निकाल लागला नाही म्हणून फाटक बसवलंच नाही, ते भिंतीला टेकून गंजतंय. "तुझ्या बापाला सांग" आणि "तुझ्या काकाला सांग" हे ऐकतच मी मोठा झालो.

पण गाडी मात्र काका ढकलायचे. ते सीटमागच्या दांडीला हात लावून "हं" म्हणायचे. बाबा दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून "हं" म्हणायचे. आमच्या गल्लीला थोडा उतार आहे. काका धापा टाकत ढकलायचे, बाबा क्लच सोडायचे, गाडी धडधडत जिवंत व्हायची आणि बाबा मागे न बघता निघून जायचे. काका कोपऱ्यापर्यंत बघत उभे राहायचे. मला या सगळ्याची भारी लाज वाटायची. एकाने या वयात दम लागेपर्यंत ढकलायचं आणि दुसऱ्याने न बोलणाऱ्या भावाचे उपकार रोज घ्यायचे, हे काही बरं नाही. म्हटलं, आपण हे दुखणं मुळापासून उपटू.

आता मूळ कुठे, तर कार्बोरेटरमध्ये. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनाला पाजणारं ते भांडं असतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी चांगला तयार झालो होतो. रविवारी मी मागच्या ओसरीत जुनी चादर अंथरली आणि ते भांडं उघडलं. तळाशी गंजाचा गाळ. सकाळच्या थंड इंजिनाला पेट्रोल पुरवणारी बारीक नळी, म्हणजे जेट, पार बुजलेली. सगळं पेट्रोलने धुतलं, जेटमधून फुंकर मारून पलीकडचा उजेड दिसेपर्यंत सोडलं नाही, हवेचा स्क्रू पूर्ण आवळून पुन्हा दीड फेरा सैल केला. परत जोडलं, किक मारली आणि काय सांगू! पहिल्याच किकमध्ये सुरू, आणि आवाज असा की ऐकत बसावं. बाबा दारात येऊन उभे राहिले, थोडा वेळ ऐकलं आणि "बरं" म्हणून आत गेले. मला वाटलं, आनंद लपवायला गेले असतील.

सोमवारी बाबांनी किक मारली, गाडी सुरू झाली आणि बाबा गेले. सगळं इतक्या झटक्यात झालं की काका दारात आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात बूट होता. दुसरा हातात. त्यांनी रिकाम्या गल्लीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि दार लावून घेतलं.

पुढचे काही दिवस काका बाहेर आलेच नाहीत. मग एका संध्याकाळी त्यांनी मला अंगणातून हाक मारली. "तुझ्या बापाला सांग, मी ढकललेलं आवडत नव्हतं तर तोंडाने सांगायचं होतं. गाडी दुरुस्त करून कशाला सांगितलं?"

मी समजावून सांगायला गेलो, तर ते आत निघून गेले. निरोप बाबांना दिला. बाबांनी पेपरातून डोकं न काढता उत्तर दिलं की मी कुणाला ढकलायला बोलावलं नव्हतं, त्याचा तो यायचा. मी म्हटलं, बाबा, हे मी सांगणार नाही. तर म्हणाले, नको सांगूस. पण त्या रात्री ते जेवले अर्धवटच, आणि आईने ताटं उचलताना माझ्याकडे असं बघितलं की मी हातातला घास ताटात ठेवला.

"अरे, दिवसाकाठी तेवढं 'हं'च बोलायचे ते एकमेकांशी," ती म्हणाली. "तेवढंही तू दुरुस्त करून टाकलंस."

आपण केवढी नसती उठाठेव केली हे तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं. पण मी हातावर हात धरून बसणारा नाही. जे जुळवलं ते बिघडवता येतंच की!

इथेच माझं चुकलं. बिघडवायलाही अक्कल लागते. मी हवेचा स्क्रू थोडा फिरवला, तर आवाज आणखी गोड झाला. उलटा फिरवला, तरी पहिल्या किकला चालू. ज्या गाडीने बाबांच्या किकला इतकी वर्षं दाद दिली नाही, ती आता माझ्या हाताखाली बिघडायला तयार होईना! शेवटी चिडून मी हवेचा स्क्रू गच्च आवळला आणि पेट्रोल पुरे झालं की थांबवणाऱ्या आतल्या फ्लोटची पत्ती वाकवून ठेवली, म्हणजे पेट्रोल नको तितकं भरत राहील आणि इंजिन गुदमरेल.

सकाळी मी खिडकीत उभा. बाबांनी किक मारली. गप्प. पुन्हा मारली, पुन्हा गप्प. बाबा घामाघूम झाले आणि, खोटं सांगत नाही, त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी कळा आली. पलीकडची कडी वाजली. काका बाहेर आले, दोन्ही पायांत बूट. दांडीला हात लावला. "हं." "हं." माझे डोळे भरून आले.

गाडी उताराला लागली, बाबांनी क्लच सोडला, आणि एवढा वेळ सायलेन्सरमध्ये साठलेलं पेट्रोल एकदम पेटलं. असा बार उडाला की समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या! गाडी आडवी, बाबा तिच्याबरोबर आडवे, आणि काका मागच्या मागे रस्त्यावर बसलेले. पँट गुडघ्यापर्यंत काळी. मी धावत खाली गेलो. तेवढ्यात काका बोलले.

"लागलं का रे तुला?"

"नाही. तुला?"

एवढं बोलून दोघंही दचकले. पण एकदा सुरुवात झाली म्हटल्यावर थांबतात कसले! कोपर दाखवून झालं, गुडघा दाखवून झाला. मग गाडीला कुणी हात लावला, याची चौकशी झाली आणि दोघांनी मिळून मला जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही. मी मान खाली घालून उभा होतो आणि आतून इतका सुखावलो होतो की त्यांनी आणखी तासभर बोलावं असं वाटत होतं.

"विकून टाक ती," काका म्हणाले. "हा पोरगा एक दिवस जीव घेईल तुझा."

"टाकतोच," बाबा म्हणाले.

भाऊ-भाऊ इतक्या वर्षांनी एका शब्दावर आले, तिथे मी काय बोलणार? आठवड्याच्या आत गाडी गेली.

आता बाबा बसने जातात. काका दारात येतात, बाबा पायऱ्या उतरतात, दोघंही गल्लीच्या उताराकडे बघतात. बोलायला विषय नाही. एकदा काकांनी तोंड उघडल्यासारखं केलं, पण तेवढ्यात कोपऱ्यावर बस आली आणि बाबांना पळावं लागलं. काकांनी मग बूट पायरीवरच काढले आणि हातात घेऊन आत गेले. मला बघवलं नाही.

म्हणून परवा मी जुन्या गाड्यांच्या बाजारात जाऊन आलो. दुकानदाराला सांगितलं, एखादी सकाळी न सुरू होणारी मोटरसायकल असेल तर दाखवा. त्याला वाटलं मी टोमणा मारतोय. त्याचा अपमान झाला. त्याने ओळीने साऱ्या गाड्या मला पहिल्याच किकमध्ये सुरू करून दाखवल्या.