प्रभुण्यांच्या दाढा

दिवाळीच्या फराळाला खिशात पितळी खलबत्ता घेऊन येणारा माणूस मी तरी एकच पाहिलाय. आमचे शेजारी प्रभुणे. बशीत चकली पडली की ते ती शांतपणे कुटतात आणि चमच्याने खातात. यजमानीण ओशाळली तर म्हणतात, "वहिनी, चकली उत्तमच आहे. तारेला चालत नाही."

बावन्नाव्या वर्षी प्रभुण्यांनी दातांना तार लावून घेतली. पुढचे दात पुढे आलेले. ते आत घ्यायला जागा हवी, म्हणून आधी वरच्या दाढा मागे सरकवायच्या. त्यासाठी डॉक्टरीणबाईंनी जबड्याच्या हाडात दोन बारीक स्क्रू बसवले आणि त्यांच्या आधाराने दाढा ओढायला घेतल्या. आमच्या बुओना व्हिस्टा वस्तीतल्या बसस्टॉपवर जो भेटेल त्याला प्रभुणे हे सांगतातच. "बसमधली मागची माणसं सरकल्याशिवाय पुढची आत येतील का? आणि ओढायचं तर पाय रोवायला पक्की जागा नको? तो स्क्रू." हा दृष्टान्त मला आता पाठ आहे.

दाढ महिन्याला सरकते जेमतेम एक मिलिमीटर. प्रभुणे रोज सकाळी लिफ्टच्या आरशात आ करून बघणार. एकदा सातव्या मजल्यावरच्या चिनी बाई आत आल्या आणि फार दुखतंय का अशा काळजीने म्हणाल्या, "अंकल, पेन आह?" त्यांनाही मग बसचा दृष्टान्त ऐकावा लागला.

या वयात हा उपद्व्याप कशाला? मी चेष्टेत विचारलंही, पुन्हा बोहल्यावर चढताय की काय? "डिसेंबरात मुक्ताचं लग्न आहे," एवढंच म्हणाले. मुक्ता त्यांची एकुलती एक लेक, मेलबर्नला असते. प्रभुणेवहिनींना जाऊन सहा वर्षं झाली. घरात ते एकटेच.

नोव्हेंबरात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दाढा छान मागे गेल्यात, पण पुढच्या दातांना अजून आठ महिने लागतील. त्या संध्याकाळी प्रभुणे आमच्याकडे येऊन बसले. चकल्या पुढे केल्या, तरी खलबत्ता बाहेर आला नाही.

बशी बाजूला सारून म्हणाले, "दात दिसू नयेत म्हणून मी जन्मभर फोटोत ओठ घट्ट मिटून बसलो हो. लहानपणी मुक्ताने अल्बम बघून आईला विचारलं होतं, मी झाले तेव्हा बाबा रागावले होते का?"

मला माझ्या चेष्टेची लाज वाटली.

लग्नाचा फोटो फोनवर आला. प्रभुणे तोंडभर हसताहेत, तारेसकट, पार दाढांपर्यंत. बाकी सगळी मंडळी कॅमेऱ्याकडे बघताहेत. मुक्ता तेवढी बाबांकडे बघते आहे.