डाव्या सीटवरचे गहू

गाडीचं वजन कमी व्हावं म्हणून ज्या माणसानं मागची सीट काढली, स्टेपनी काढली, पायाखालचे मॅट काढले, एवढंच काय, डाव्या बाजूचा वायपरसुद्धा काढून माळ्यावर टाकला, तोच माणूस पुढच्या डाव्या सीटवर गव्हाचं पोतं ठेवून, वर त्याला पट्टा बांधून पुण्यात गाडी चालवायचा. हे मी ऐकलेलं सांगत नाही. ते पोतं मी स्वतः उचललेलं आहे.

रणपिसे साहेब त्यांचं नाव. सरकारी खात्यात नकाशे काढायचे, तिथूनच रिटायर झाले. राहायला कोथरूडला, सोसायटीत. माझं सीट कव्हरचं दुकान नारायण पेठेत. मी चौथीत शाळा सोडली, पण शिवणाऱ्या माणसाला मास्तर म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे एवढा शिकलेला माणूस मला मास्तर म्हणायचा. मला ते आवडायचं. का आवडू नये?

तो काळ आमच्या धंद्याचा होता. आधी रस्त्यावर दोन-तीन जातीच्या गाड्या. मग परदेशी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि दर दिवाळीला नवीन गाडी निघायला लागली. हिंजवडीकडं कॉम्प्युटरवाले आले. कालपर्यंत स्कूटरवर फिरणारी पोरं गाडी घेऊन दारात उभी राहायची, "अंकल, सीट्स एकदम स्पोर्टी करा ना." मी करून द्यायचो. मखमल, रेक्झिन, कापूस, काथ्या, फोम, सगळं या हातांनी केलंय. आता गाड्या कंपनीतूनच नटून येतात. असो.

त्याच वेळी बाजारात दुसरं एक पीक आलं होतं. पेट्रोल वाचवायची यंत्रं. पेट्रोलच्या नळीला लावायचं चुंबक. टाकीत टाकायची गोळी. हवा जाते तिथं बसवायचा छोटा पंखा. सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसायची निळा दिवा लागणारी कांडी. हे सगळं रणपिसे साहेबांच्या गाडीत होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी टाकीत डांबरगोळ्यासुद्धा टाकून पाहिल्या. तेव्हा महिनाभर गाडीतून उतरलेल्या माणसाच्या अंगाला ट्रंकेतल्या स्वेटरचा वास यायचा.

पहिल्यांदा दुकानात आले ते असे. मी सीट ठोकत बसलो होतो.

"मास्तर, ही मागची सीट काढली तर वजन किती कमी होईल?"

मी म्हणालो, "साहेब, लोक माझ्याकडे सीट बसवायला येतात. काढायची असेल तर घरी काढा."

"घरी काढली तर नीट निघणार नाही. पुन्हा बसवायची वेळ आली तर?"

"म्हणजे पुन्हा बसवावी लागणार हे तुम्हाला माहीत आहे."

ते हसले नाहीत. म्हणाले, "तसं नाही. एका वेळी एकच बदल करायचा, आणि तो मागं घेता आला पाहिजे. नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही."

एका वेळी एकच बदल. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं ते विचारू नका. चुंबक लावलं की त्या महिन्यात टायरची हवा बदलायची नाही. हवा बदलली की कांडी काढायची नाही. मी एकदा चहात साखर कमी घातली तर म्हणाले, "मास्तर, दूधही कमी दिसतंय. दोन बदल झाले."

बरं, फरक काय पडायचा? काही नाही. गाडी आधी लिटरला सतरा द्यायची, चुंबकानंतरही सतरा, गोळीनंतरही सतरा. कधी साडेसतरा आले तर साहेब दोन दिवस खुशीत, मग पुन्हा सतरा. मी त्यांना स्पष्ट सांगायचो, "साहेब, चुंबकानं पेट्रोल वाचत असतं तर कंपनीनं कारखान्यातच लावलं असतं. कंपनी काय खुळी आहे?" ते म्हणायचे, "कंपनीनं मागची सीटही कारखान्यातच लावली होती." मी नुसता ठोकत राहायचो. पण एक सांगून ठेवलं होतं. माझ्या हातानं तुमच्या गाडीला चुंबक लावणार नाही. आणि लावलं नाही.

यात त्यांच्या जोडीला त्यांची बायको. वहिनी ठेंगण्या, गोलसर, आणि बोलायला एकदम तिखट. दर रविवारी सकाळी दोघं पंपावर जायची. टाकी काठोकाठ भरायची. काठोकाठ म्हणजे, आत हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून उजवीकडून साहेब आणि डावीकडून वहिनी गाडी धरून हलवायची. मागं रांग लागलेली. एकदा एका रिक्षावाल्यानं विचारलं, "काकू, गाडी झोपलीय का?" वहिनी म्हणाल्या, "गाडी जागी आहे हो, आमचे हे झोपेत असतात."

मग कोथरूडहून हडपसरवरून मांजरी. तिथं उसाचा रस प्यायचा. त्याच रस्त्यानं परत, त्याच पंपावर, पुन्हा काठोकाठ, पुन्हा हलवाहलवी. मीटरचा आकडा वहिनी वाचायच्या आणि भागाकारही त्याच करायच्या, तोंडी. साहेब नकाशेवाले, पण भागाकार वहिनींचा.

डावीकडचा वायपर काढला त्या पावसाळ्यात मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला पुढचं दिसतं का?" म्हणाल्या, "मास्तर, मला कुठं पुढचं बघायचंय? मी वीसची वाट बघतेय."

वीसचा त्यांचा करार होता. गाडीनं वीस दिले की साहेबांनी सगळी यंत्रं उतरवायची, मागची सीट बसवायची, हा नाद कायमचा सोडायचा, आणि वहिनींना हर्णैला समुद्रावर न्यायचं. जाताना आणि येताना एकदाही मीटरकडे न बघता. वहिनी हे माझ्या दुकानात, माझ्यासमोर बोलल्या होत्या. "मास्तर, तुम्ही साक्षीदार." मी म्हणालो, "वहिनी, मग समुद्र विसरा."

तोंडाला येईल ते बोलायची सवय मला आहे. सगळ्यांना माहीत आहे.

पुढं एका थंडीत वहिनी गेल्या. तापाचं निमित्त झालं. साहेब बरेच दिवस पेठेत दिसले नाहीत. मला वाटलं, संपलं, विकतील आता गाडी.

नंतर एका रविवारी मी डेक्कनच्या सिग्नलला उभा, तर समोर तीच बिस्किटाच्या रंगाची गाडी, आणि डाव्या सीटवर ते पोतं. पट्टा बांधलेलं. वाहतूक हवालदार खिडकीत वाकून विचारत होता, "काका, पोत्याला पट्टा आणि तुम्हाला नाही? ते काय उडी मारणार आहे?"

साहेबांनी शांतपणे स्वतःचा पट्टा लावला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कोथरूडला गेलो. म्हणालो, "साहेब, वजन कमी करायला स्टेपनी काढता आणि पोतं भरता? याला काय म्हणायचं?"

"आतापर्यंतचे सगळे आकडे दोन माणसांचे आहेत," ते म्हणाले. "आता एकटा बसून चालवली तर वजन बदलणार. मग चुंबकाचा फरक कोणता आणि वजनाचा कोणता, कसं कळणार? तिच्या वजनाइतके गहू मोजून घेतलेत. एका वेळी एकच बदल, मास्तर."

वाद घालायला मला आवडतं, पण समोरच्यानं वाद घालायला हवा ना.

वर्षभरानं त्या गव्हात सोंडे झाले. गाडीभर फिरायचे, काचेवर चढायचे. साहेबांनी गव्हाला ऊन दाखवून घेतलं आणि पोतं घेऊन माझ्याकडे आले. त्याला रेक्झिनचं घट्ट कव्हर शिवून हवं होतं, चेन लावलेलं. मी म्हणालो, "शनिवारी घेऊन जा." शब्द दिला की मी पाळतो, चाळीस वर्षं पाळलाय. पण रंग जुळणारं रेक्झिन शनिवारी आलंच नाही, जुनं पोतं मी मापासाठी उसवून ठेवलेलं, आणि रविवारी सकाळी साहेब दारात.

"झालं?"

"उद्या."

"रविवार आज आहे." ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. डोक्यापासून पायापर्यंत. मग म्हणाले, "मास्तर, तुमचं वजन किती?"

मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही म्हटलंय, पण पोत्याच्या जागी कुणी बसवलं नव्हतं. शेजारच्या वाण्याच्या काट्यावर मला उभं केलं. वाणी हसत होता. मी थोडा कमी भरलो, म्हणून माझी हातोडी आणि मोठी कात्री मांडीवर दिली. मी गेलो, कारण शब्द माझा चुकला होता. दुसरं काही कारण नव्हतं.

डाव्या सीटवर बसलो तेव्हा पहिली गोष्ट कळली ती माझ्या धंद्यातली. सीटला खळगा पडला होता, रुंद आणि डावीकडं कललेला. मी बारीक माणूस, त्यात बुडालोच. म्हणालो, "साहेब, यात फोम भरून देतो." ते म्हणाले, "नको."

दुसरी गोष्ट, त्यांच्या पंपावर टाकी भरून निघाल्यावर, कर्वे रोडला कळली. पुढं बस थांबली, साहेबांनी ब्रेक मारला, आणि त्यांचा डावा हात गेरवरून सुटून सरळ माझ्या छातीवर आडवा. मी दचकलो. गेर तसाच राहिला, गाडी दोन गचके खाऊन बंद पडली. पुन्हा चालू केली. पुढच्या सिग्नलला पुन्हा ब्रेक, पुन्हा हात, पुन्हा गचके. मागून हॉर्न. मला इंजिनातलं कळत नाही, कळतं असं मी म्हणतही नाही. पण एवढं मलाही दिसलं, की या माणसाचं पेट्रोल कुठल्या नळीत जळत नाही, या हातात जळतंय.

तिसऱ्यांदा हात आला तेव्हा मी म्हणालो, "साहेब, मी पोतं नाही. मी पुढचं धरून बसतो, तुम्ही गेर धरा."

ते ओशाळले. "सवय आहे," म्हणाले. त्यानंतर हात गेरवरच राहिला आणि गाडी अशी चालली की विचारू नका. हडपसरच्या पुढं काचेच्या नव्या इमारती लागल्या, मग उसाचं एखादं राहिलेलं शेत, मग मांजरी.

रसवाला ओळखीचा होता. दोन ग्लास आले. मी माझा दोन घोटांत संपवला, साहेबांनी त्यांचा. मी उठलो. साहेब घड्याळ बघत बसलेले.

"चला की."

"अजून थोडं थांबावं लागेल. इंजिन दर वेळी इथं जेवढं गार व्हायचं तेवढंच व्हायला हवं." मग रिकाम्या ग्लासाकडं बघत म्हणाले, "ती फार सावकाश प्यायची."

मी पुन्हा बसलो.

"गाडीत मांडी घालून बसायची," ते म्हणाले. "पट्टा गळ्याला टोचतो म्हणायची. ब्रेक मारला की घसरून पुढं यायची. म्हणून हात."

रसवाल्याचं चाक फिरत होतं. ऊस आत जात होता. आम्ही दोघं ते बघत बसलो, इंजिन गार होईपर्यंत.

परतताना त्यांनी हात आडवा घातला नाही. मी सांगितलं होतं ना.

त्याच पंपावर पुन्हा टाकी भरली. डावीकडून गाडी मी हलवली, या वयात. साहेबांनी पावतीच्या मागं भागाकार केला. मग पुन्हा केला. मग पावती माझ्यासमोर धरली, मला भागाकार फारसा जमत नाही हे विसरून. पण आकडा मला वाचता आला.

वीस.

इतकी वर्षं ज्याच्यामागं लागले ते आलं, आणि त्या माणसाचा चेहरा असा झाला की जणू घरातून कुणी शेवटची खुर्चीही उचलून नेली. पंपावरचा पोरगा ओरडत होता, "काका, गाडी पुढं घ्या!" साहेब जागचे हलेनात. वीस आले म्हणजे नाद संपला. चुंबक उतरवायचं, कांडी उतरवायची, सीट बसवायची. रविवार संपले. आणि हर्णैला कुणाला न्यायचं?

वीस कशानं आले ते मला माहीत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. आणि खरं ते तोंडावर सांगायचं हा माझा जन्माचा स्वभाव.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "तुमचं वजन नक्की बरोबर होतं का?"

मी म्हणालो, "कुठलं बरोबर? हातोडी मी मांजरीला रसवाल्याकडे विसरलो." हातोडी माझ्या मागं, शर्टाखाली, कमरेला खोचलेली होती. "शिवाय सकाळी काही खाल्लं नव्हतं. हे धरू नका, साहेब. हा आकडा खोटा."

त्यांनी पावती चुरगळून टाकली. "तेच म्हटलं मी," म्हणाले, आणि त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला. "एका वेळी दोन बदल झाले."

"आणि तुमचं ते चुंबक," मी म्हणालो, "सैल झालंय. उद्या घेऊन या, मी बसवून देतो."

सोमवारी रेक्झिन आलं. मी दिवसभर दुसरं काम हातात घेतलं नाही. कव्हर खाली रुंद आणि डावीकडं कललेलं शिवलं, सीटच्या खळग्यात बरोबर बसेल असं. वर, जिथं ब्रेकबरोबर त्यांचा हात येऊन पडतो, तिथं आतून मऊ फोमचा एक थर घातला. नुसते गहू हाताला कडक लागतात.

संध्याकाळी साहेब आले. पोतं सीटवर ठेवलं, पट्टा बांधला, उजवीकडं जाऊन बसले आणि डावा हात आडवा घालून पाहिला. हात तिथंच राहिला थोडा वेळ.

"इथं काहीतरी जास्त घातलंय तुम्ही," ते म्हणाले. "मग वजन?"

"तेवढंच आहे," मी म्हणालो. "मूठभर गहू काढून घेतलेत."