तीन ग्रॅम जास्त

नेवरेकर साहेबांच्या सदऱ्याच्या खिशात पन्नास ग्रॅमचं पितळी वजन असतं. इतर लोक तंबाखूची डबी बाळगतात तसं. भाजीवाल्याकडे गेले की आधी ते वजन त्याच्या काट्यावर ठेवतात, काटा काय दाखवतो ते वाकून बघतात आणि मगच भेंडीला हात लावतात. काटा बरोबर निघाला तरी त्यांचा चेहरा खुलत नाही. आज बरोबर आहे, म्हणजे मी येणार हे याला कुणीतरी आधी सांगितलेलं दिसतंय, असं त्यांचं म्हणणं.

वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली. खात्यानं शिक्का परत घेतला, खुर्ची परत घेतली, संशय तेवढा घरी न्यायला दिला. रत्नागिरीत माळनाक्याच्या मागे आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे त्यातला निम्मा माझ्या वाट्याला येतो. त्यांना काहीही सांगा, ते विचारणार, "मोजलंत काय?" यंदा हापूसला मोहोर कमी आलाय असं माझी बायको शैला एकदा सहज बोलून गेली. "मोजलात काय?" तेव्हापासून ती त्यांच्याशी आंब्याविषयी बोलत नाही.

एकदा एका पुढाऱ्याची वाढदिवसानिमित्त नारळांनी तुला होती. पुढारी पारड्यात बसलेले, फोटोवाला तयार, आणि आमचे साहेब गर्दीतून पुढे जाऊन तराजूच्या दांडीवर तपासणीचा शिक्का शोधतायत. शिक्का नव्हता. त्यांनी तसं जाहीर केलं आणि पुढारी पारड्यात लोंबकळत राहिले. मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात मात्र साहेबांचं काही चालत नाही. तिथे बांगडा वाट्यावर, म्हणजे ढीग लावून, विकतात, आणि वाट्याला शिक्का कुठे मारणार? "सायब, वाटा नजरेनं घ्यायचा असतो," असं तिथल्या एका बाईनं त्यांना सांगितलं होतं. ते मासे न घेता परत आले, आणि आठवडाभर त्या बाईच्या हेतूविषयी बोलत राहिले.

असा माणूस एका सकाळी काखेत चौकोनी पुडकं घेऊन माझ्या दारात उभा राहिला आणि विचारू लागला, "सुर्वे, तुमच्याकडचं रेकॉर्ड प्लेअर चालू आहे काय?"

आता संशय यायची पाळी माझी होती. बाजारात माझं चाळीस वर्षं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. आता घरबसल्या लोकांच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देतो. एवढ्या वर्षांत नेवरेकरांनी माझ्याकडे गाण्याचं नावही काढलं नव्हतं. त्याला कारण होतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पुडक्यावर पत्ता वृंदाच्या अक्षरात होता. वृंदा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. चेन्नईला जाऊन जॅझ पियानो शिकली, पुढे परदेशात शिकली, आता बंगळुरूला असते. वहिनी, म्हणजे तिची आई, गेल्यापासून दिवाळीला एक फोन येतो. औषधं घेताय ना, पाऊस थांबला का, ठेवते. आत चिठ्ठी नव्हती. एक काळी तबकडी होती, कव्हरवर वृंदाचा फोटो होता आणि वेष्टनावर एका कोपऱ्यात पेनानं एकच शब्द लिहिलेला होता, 'तपासणीसाठी'.

"यात टोमणा आहे," नेवरेकर म्हणाले. "आहे की नाही?"

मी कव्हर उलटसुलट करून बघू लागलो, कारण टोमणा असता तर तो योग्यच होता. वृंदा चौदा वर्षांची असताना गावात पेटीवादनाची स्पर्धा झाली होती. लाउडस्पीकर माझा होता, म्हणून मी स्टेजच्या बाजूलाच बसलो होतो. पोरीनं सुरेख वाजवलं. पहिला नंबर जाहीर झाला, टाळ्या झाल्या, तिच्या हातात कप आला. तेवढ्यात नेवरेकर उठले. त्यांनी माझाच माइक हातात घेऊन परीक्षकांना सांगितलं की वृंदा नेवरेकर अकरा वेळा समेवर उशिरा आलेली आहे, मी मोजलंय, तेव्हा हे बक्षीस दुसऱ्या नंबरच्या मुलीचं आहे. स्वतःच्या मुलीला सूट द्यायची नाही, एवढाच त्यांचा हिशोब. वृंदानं कप टेबलावर ठेवला आणि खाली उतरून आईकडे गेली. माइकचं बटण माझ्या हाताशी होतं. मी ते बंद केलं नाही, याची बोच मला अजून आहे.

तर त्या सकाळी मी साहेबांना आत घेतलं. त्यांनी आधी पिशवीतून छोटा काटा काढला. कव्हरवर '१८० ग्रॅम' छापलेलं होतं. जाड तबकडीचं वजन असं छापायची पद्धत आहे. साहेबांनी आपलं पितळी वजन ठेवून काट्याची खात्री केली, मग तबकडी ठेवली. एकशे त्र्याऐंशी भरले. पुन्हा ठेवली, पुन्हा एकशे त्र्याऐंशी. तिसऱ्यांदाही तेवढेच.

"तीन ग्रॅम जास्त," ते म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. "सुर्वे, कमी देणारा कळतो. जास्त देणाऱ्याच्या मनात काय आहे, ते कळत नाही."

मग माझ्या यंत्राची पाळी आली. फिरत्या चकतीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवून ते स्टॉपवॉच घेऊन बसले. तीन मिनिटांत शंभर फेरे व्हायला हवेत, ते नव्याण्णव झाले. ज्या हातांनी मी अर्ध्या रत्नागिरीचे रेडिओ बोलते केले त्या हातांवर हा ठपका होता. मला राग आला, पण चकती फिरवणारा पट्टा खरंच सैल पडला होता. तो बदलण्यात तो दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आम्ही सुई टेकवली. मी तयारी ठेवली होती ती काहीतरी अवघड, डोक्यावरून जाणाऱ्या जॅझची. निघालं भलतंच. ड्रम आणि बेस असे काही चालू झाले की माझा पाय माझी परवानगी न घेता हलायला लागला. कव्हरवर लिहिलं होतं, सोल आणि फंक. शिकलेलं सगळं पोटात ठेवून पोरीनं नाचायचं संगीत केलं होतं. गायलीही तीच, भरल्या घरात कुणी आईला हाक मारावी तशा मोकळ्या आवाजात. आत शैला आमटी ढवळत होती, तिचा डाव पातेल्यावर ठेक्यात वाजायला लागला. मी नेवरेकरांकडे पाहिलं. ते पितळी वजन हातात धरून टेबलावर ड्रमबरोबर टकटक करत होते आणि दुसऱ्या हातानं वहीत रेघा मारत होते.

बाजू संपली. त्यांनी वही मिटली. "अजून उशिरा येते," म्हणाले. "वीस वर्षांत सुधारणा नाही."

मी त्यांना सरळ सांगितलं की साहेब, असलं काही पुन्हा माइकवर बोलणार असाल तर घरी जा. ते गेले नाहीत, रागावलेही नाहीत. उद्या परत येतो म्हणाले. त्यांचा जुना नियमच होता, वजन काट्यावर तीनदा ठेवायचं. एकदा ठेवून कुठल्याही दुकानदारावर त्यांनी कधी खटला भरला नव्हता.

तिसऱ्या दिवशी ते घरची स्टीलची पट्टी घेऊन आले. माझ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. मी एक गाणं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. त्यात आवाजाच्या लाटा दिसतात, ड्रमचा ठोका पडला की एक उंच सुळका, पियानोचा सूर आला की दुसरा. साहेबांनी पट्टी थेट पडद्याला लावली. ड्रमच्या सुळक्यापासून पियानोच्या सुळक्यापर्यंत दोन मिलिमीटर. पुढच्या ठोक्याला दोन मिलिमीटर. मी गाणं पुढे सरकवत होतो, ते मोजत होते. त्यांनी दुसरं गाणं मागितलं, मग तिसरं. शैलानं जेवायला हाक मारली, ती आम्ही दोघांनीही ऐकली नाही. जिथे जिथे वृंदा मागे रेंगाळत होती, तिथे तिथे दोन मिलिमीटरच.

मी माझ्या अडाणी पद्धतीनं सांगायचा प्रयत्न केला की साहेब, या संगीतात असंच असतं. ठोक्याच्या जरा मागे राहूनच मजा येते, म्हणून तर पाय हलतो. तुमच्या पोरीला ते जन्मापासून येत होतं, आपल्याकडे ते कुणाला कळलं नाही. ते माझं ऐकत नव्हते. पट्टी पडद्याला तशीच धरून बसले होते.

"सुर्वे," ते म्हणाले, "लबाड काटा कसा ओळखतात, ठाऊक आहे? तो दर खेपेला वेगळं दाखवतो. जो काटा दर खेपेला तेवढंच दाखवतो, तो लबाड नसतो. त्याला वाचायचं कसं, ते बघणाऱ्याला कळायला लागतं."

मी मान हलवली.

"तीनदा ठेवायचं असतं. माझाच नियम." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "तिला मी एकदाच ठेवलं."

या माणसाचा मला वीस वर्षं राग होता. त्या क्षणी तो कुठे गेला, कळलं नाही. समोर एक म्हातारा बाप बसला होता, एवढंच दिसलं. मी उठून यंत्र बंद केलं. ते म्हणाले, राहू दे, ती दुसरी बाजू लावा. या वेळी त्यांनी वही उघडली नाही. वजनाची टकटक मात्र चालू होती, आणि ती जरा मागे रेंगाळत होती, असा मला संशय आहे. मोजलं नाही.

चौथ्या दिवशी ते एक पाकीट घेऊन आले आणि मला वाचायला दिलं. मजकुरात चूक राहायला नको, म्हणाले. खात्याच्या नमुन्याप्रमाणे कागदावर रेघा आखलेल्या होत्या. तपासणीसाठी आलेली वस्तू: तबकडी, एक. वजन: लिहिल्यापेक्षा तीन ग्रॅम जास्त. ताल: उशीर सर्वत्र सारखा, दोष नाही. शेरा: स्पर्धेच्या वेळी दिलेला अहवाल चुकीचा होता, तो रद्द करण्यात येत आहे. खाली सही होती, आणि सहीखाली 'निरीक्षक' लिहून ते खोडलेलं होतं. खोडलेल्याच्या वर 'बाबा' असं लिहिलं होतं.

"तीन ग्रॅमचं काय ते तिला विचारू काय?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, विचारू नका, ठेवून घ्या.

आम्ही दोघं चालत नाक्यावरच्या कुरियरवाल्याकडे गेलो. त्यानं पाकीट घ्यायला हात पुढे केला. त्याच्या काट्यावर काहीच नव्हतं, तरी आकडा दोन ग्रॅम दाखवत होता. चाळीस वर्षांत मी दुसऱ्याच्या काट्याकडे कधी बघितलं नव्हतं, पण त्या दिवशी बघितलं. नेवरेकरांनीही बघितलं. त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला, आतल्या वजनावर क्षणभर थांबला आणि रिकामाच बाहेर आला.

"बंगळुरूला कधी पोचेल?" त्यांनी विचारलं.

"पोचेल साधारण तीन-चार दिवसांत, काका."

साधारण या शब्दावर हा माणूस लोकांशी भांडलेला मी पाहिला आहे. त्यांनी पाकीट स्वतःच्या हातानं काट्यावर ठेवलं, त्यावर आणखी क्षणभर हात ठेवला, आणि म्हणाले, "साधारण चालेल. पण पोचू दे."